बरं वाटलं की वाजणारी घंटी

घरात एखादं माणूस असं असतंच, की त्याला "काय झालं?" विचारलं तर ते "कुठे काय!" म्हणतं, आणि त्या "कुठे काय"मध्येच सगळं काही झालेलं असतं. तुमच्या घरी असं कोणी नाही म्हणता? मग तुम्ही नशीबवान. की तुम्ही विचारतच नाही? बघा हं, विचार करा!

ताईंच्या घरी हा माणूस म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. सगळं जग त्यांना मास्तर म्हणायचं, कारण ते गाडी चालवायला शिकवायचे. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जादा ब्रेक असतो. शिकणारा घाबरला, की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. वर्षानुवर्षं तो ब्रेक दाबून दाबून मास्तरांच्या उजव्या पायाला खोडच लागली होती. जेवताना कोणी भरभर बोलायला लागलं, की टेबलाखाली त्यांचा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. आणि ताई बोलायला लागल्या, की तो पाय वर यायचाच नाही!

"दाब, दाब," ताई म्हणायच्या. "मी काही थांबायची नाही."

"ते माहितीये, तायडे. तुला बनवताना ब्रेक बसवायचा राहूनच गेला," मास्तर म्हणायचे.

दोघांची घरं समोरासमोर. दारं सदा उघडी. या घरातली साखर त्या घरात आणि त्या घरातलं भांडण या घरात, असं सगळं चालायचं.

पण हल्ली टेबलाखालचा तो पाय गप्प होता. ताई कितीही सुसाट सुटल्या, तरी ब्रेक काही लागत नव्हता.

एका सकाळी भावजय हातातलं काम टाकून ताईंच्या स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"ताई, हे पुन्हा गाडीत बसून राहायला लागलेत."

"म्हणजे?"

"शिकवणी संपते, गाडी खाली येऊन लागते. मी खिडकीतून बघते ना! पण हे वर येतच नाहीत. इंजिन बंद, दिवे बंद, आणि आपले बसलेत समोरच्या भिंतीकडे बघत. मागच्या वर्षी अशीच सुरुवात झाली होती."

मागच्या वर्षीचं नाव निघालं आणि ताईंच्या हातातला चमचा थांबला. मागच्या वर्षी मास्तरांचं मन इतकं खोल खाली गेलं होतं, की सगळ्या घराने श्वास रोखून धरला होता. "मी नसलो तर तुमचं जास्त बरं चालेल," असं ते एकदा बायकोला सहज बोलावं तसं बोलून गेले होते. तिने त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. औषधं झाली, बोलणं झालं, माणूस हळूहळू परत आला. आणि परत आल्याबरोबर, "आता मी ठणठणीत आहे," म्हणून त्याने औषधं आणि डॉक्टर दोन्ही सोडून दिले!

"त्याला म्हणावं, आमच्याकडे फोन कर," ताई म्हणाल्या.

"म्हटलं ना! तर म्हणाले, तिथे नको."

"तिथे नको? का?"

"तेच तर सांगत नाहीत."

आता गंमत म्हणा की दैव म्हणा, ताईंचं काम काय होतं माहितीये? त्या मनाच्या संकटात सापडलेल्या लोकांसाठी फोनवरची मदतसेवा चालवायच्या. कोणालाही, कधीही, जगणं नकोसं वाटलं तर त्याने एक नंबर फिरवायचा आणि पलीकडून प्रेमाने बोलणारं माणूस भेटायचं. अख्खं शहर जिच्याकडे मन मोकळं करायचं, तिचा सख्खा भाऊ मात्र म्हणत होता, तिथे नको!

ताईंना हे इतकं लागलं, की त्या दिवशी त्यांनी चहात मीठ घातलं.

मदतसेवेची खोली एका लाँड्रीच्या वर होती. खाली दिवसभर इस्त्र्या फिरायच्या, म्हणून वरची फरशी कायम कोमट, आणि खोलीला ताज्या धुतलेल्या कपड्यांचा वास. प्लायवुडचे आडोसे घालून छोटे छोटे कप्पे केलेले. प्रत्येक कप्प्यात एक फोन, एक खुर्ची, एक पाण्याची बाटली. ताई आधी हॉस्पिटलात नर्स होत्या. नोकरी संपली, पण हाताला आणि मनाला स्वस्थ बसवेना, म्हणून त्यांनी हे सुरू केलं. त्यांच्याबरोबर पोस्टमनकाका होते. निवृत्त झाले तरी चालण्याचा वेग तोच, आणि आवाज असा, की ऐकणाऱ्याला वाटावं आपल्या खांद्यावर कोणी शाल घातली. शिवाय खारूताई होती. ती बँकेतली नोकरी सांभाळून यायची, आणि फोन नसला की तिच्या दातांखाली सतत काहीतरी कुरकुर चालू असायची.

आणि खोलीच्या मधोमध, सगळ्यांचा हात पोचेल अशा टेबलावर, घंटी होती.

हॉटेलच्या काउंटरवर असते ना, वरून टिचकी मारायची, तशी पितळी घंटी. नियम ताईंनीच केला होता. फोन करणारा माणूस शेवटी "बरं वाटलं," असं म्हणाला, की फोन घेणाऱ्याने हात लांब करून एक टिचकी मारायची. टिंग! की बाकीचे आपापल्या कप्प्यातून अंगठा वर करणार, फोनवर नसलेले हलकेच टाळ्या वाजवणार. दुःख ऐकून ऐकून आपली माणसं दमतात, त्यांना जरा हुरूप यावा, हा हेतू. यात चुकीचं काय होतं, तुम्हीच सांगा! किती गोड पद्धत!

याच सुमारास विद्यापीठातून एक संशोधक मुलगी तिथे येऊ लागली होती. तिला ताईंनीच बोलावलं होतं. आपलं काम कसं चाललंय ते कोणीतरी बाहेरच्याने तपासून लिहिलं, तर शहराच्या दुसऱ्या टोकालाही अशी खोली उघडायला परवानगी मिळणार होती. ताईंना वाटलं, पोरगी येईल, घंटी ऐकेल, डोळे पुसेल आणि छानसं लिहून देईल. पण ती आली आणि तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. खारूताईने पहिल्याच दिवशी तिचं नाव प्रश्नबाई ठेवून टाकलं.

चहात मीठ पडलेल्या त्याच दिवशी प्रश्नबाई ताईंच्या समोर येऊन बसली.

"ताई, घंटी वाजली म्हणजे माणसाला बरं वाटलं, हे आपल्याला कसं कळतं?"

"कसं म्हणजे? तो स्वतःच्या तोंडाने म्हणतो ना, बरं वाटलं म्हणून!"

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशीचं काय?"

"दुसऱ्या दिवशी त्याला कसं वाटतं, ते आपण कधी विचारतो का?"

ताईंनी चष्मा काढला. ताईंनी चष्मा काढला की खारूताई कुरकुरणं थांबवायची, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

"पोरी, दुखावलेली माणसं असतात ती. मोठ्या मुश्किलीने फोन करतात. त्यांना परत फोन करून विचारायचं, काय हो, काल कसं वाटलं आमच्याशी बोलून? खपली काढायची जखमेची?"

"खपली नको काढायला," प्रश्नबाई शांतपणे म्हणाली. "पण तुम्ही तर नर्स होता. पट्टी बांधली आणि पेशंटला घरी पाठवला, मग पट्टी उघडून जखम भरतेय की चिघळतेय हे बघितलंच नाही, असं कधी केलंत?"

ताईंनी पदराने चष्मा पुसायला घेतला.

"आपण आधी परवानगी घेऊ," प्रश्नबाई पुढे म्हणाली. "फोन संपताना विचारायचं, उद्या-परवा आम्ही फोन केला तर चालेल का? हो म्हणाले तरच करायचा. आणि तो मी करीन, तुमच्यापैकी कोणी नाही. ज्याने मायेने ऐकून घेतलं, त्याला कोण तोंडावर सांगेल, की मला उपयोग नाही झाला म्हणून?"

"नाही," ताई म्हणाल्या. "माझ्या माणसांनी जीव ओतलाय या कामात. ही घंटी दिवसभर वाजते. आणखी कसला पुरावा हवाय तुला?"

नेमकं तेव्हाच पोस्टमनकाकांच्या कप्प्यातून हात बाहेर आला. टिंग! ताईंनी प्रश्नबाईकडे असं पाहिलं, की बघ, मिळालं उत्तर!

प्रश्नबाईने मात्र शेजारच्या कप्प्यात फोनवर बोलणाऱ्या खारूताईकडे मान वळवून पाहिलं. खारूताई म्हणत होती, "हॅलो? हॅलो? अहो, तुम्ही बोलत होता ना... बरं, बरं. ठेवता का? ठीक आहे."

संध्याकाळी ताई घरी आल्या, तर मास्तरांची गाडी खाली लागलेली. छतावर पिवळी पाटी, मागे मोठ्ठं "शिकाऊ". आणि आत, शिकवणाऱ्याच्या जागेवर, मास्तर. वर खिडकीत भावजय उभी होती. तिने ताईंकडे बघून नुसती मान हलवली.

ताईंनी गाडीचं दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसल्या.

"पट्टा लाव," मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले.

"गाडी उभी आहे!"

"नियम म्हणजे नियम."

ताईंनी पट्टा लावला. थोडा वेळ दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. भिंतीवर बघण्यासारखं काहीही नव्हतं, एक जुना पाइप आणि पोपडे.

"परत तसंच वाटतंय का रे?" ताईंनी विचारलं.

मास्तर म्हणाले, "इथून वरपर्यंत जिने चढायचे, हे एवढं मोठं काम वाटतं, की आधी जरा बसावं म्हणून बसतो. आणि मग बसलेलाच राहतो. घरी गेलो की सगळे माझ्या तोंडाकडे बघणार. त्यापेक्षा ही भिंत बरी. ती काही विचारत नाही."

"मागच्या वर्षी म्हणालास ते... आपण नसलेलं बरं, ते अजून येतं मनात?"

किती कठीण होतं हे विचारणं! पण ताईंनी विचारलं. आणि मास्तरांनी मान हलवली. "येतं कधी कधी. अजून लांबून येतं. पण येतं."

ताईंनी त्यांचा हात घट्ट धरला. "मग फोन कर ना आमच्याकडे! मी नसेन तेव्हा कर. कोणीही मला येऊन सांगणार नाही, तसा नियमच आहे आमचा. घरच्यांना सांगता येत नाही ते परक्याला सांगता येतं रे. एकदा करून तर बघ!"

"केला होता."

"काय?"

"मागच्या वर्षी. डॉक्टरांकडे जायच्या आधी." मास्तर अगदी हळू बोलत होते. "इथेच बसून केला होता. तू घरी होतीस तेव्हा, म्हणजे फोन तू उचलणार नाहीस. कोणीतरी काका होते. फार चांगला आवाज होता गं त्यांचा. मला पहिल्यांदाच वाटलं, सांगावं सगळं. कसंबसं सुरू केलं. ते आपण नसलेलं बरं, तिथपर्यंत पोचलो होतो. आणि मागे कुठेतरी घंटी वाजली."

ताईंनी गर्रकन वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"टिंग! आणि टाळ्या वाजल्या. हळू वाजल्या, पण ऐकू आल्या. मला वाटलं, वेळ संपली. बँकेत कसा पुढचा नंबर येतो, तसं. वाटलं, बाकीच्यांचं आटपलं, आपण उगाच रांग अडवून बसलोय. मग मी पटकन म्हटलं, बरं वाटलं हो तुमच्याशी बोलून, थँक्यू."

"आणि... ठेवलास?"

"ठेवत होतो. कानापासून फोन बाजूला घेतोय, तेवढ्यात परत एकदा वाजली. टिंग!"

अरे देवा! ती दुसरी घंटी कोणाची होती, कळलं ना तुम्हाला? ती मास्तरांचीच होती! ज्या क्षणी माणूस बुडत होता, त्याच क्षणी त्याच्या नावाने पलीकडे टाळ्या वाजत होत्या. आणि ताई? त्या दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन विचारणार, काल किती वेळा वाजली रे? आणि खूश होणार!

"तू मला सांगितलं का नाहीस?" ताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"कसं सांगू, तायडे? जेवताना तू त्या घंटीच्या गोष्टी सांगायचीस. चेहरा असा फुललेला असायचा तुझा! म्हटलं, जाऊ दे. आणि खरं सांगू? मला कोणी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी एखाद्याने फोन करून नुसतं म्हटलं असतं ना, काल बोलणं अर्धंच राहिलं का हो, तर मी रडत रडत सगळं सांगितलं असतं."

ताईंना एकदम सकाळची ती मुलगी आठवली. खपली, पट्टी, जखम.

"मी आत्ताच्या आत्ता जाते!" त्या किल्लीला हात घालत म्हणाल्या. "आत्ता जाऊन ती घंटी गटारात फेकते, आणि त्या पोरीला सांगते, आणि सगळ्यांना बोलावून घेते, आणि तुला डॉक्टरांकडे..."

आणि मास्तरांचा उजवा पाय दाबला गेला! खाडकन, जादा ब्रेकवर!

दोघांनीही खाली त्या पायाकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. आणि ताई रडता रडता अशा हसल्या, की वर खिडकीत भावजयीला काही कळेना.

"आधी डॉक्टर," मास्तर म्हणाले. "उद्या सकाळी. येतो मी. पण गाडी तू चालवणार नाहीस."

"आणि हे मी तिकडे सांगू? तुझं नाव न घेता?"

"सांग. पण ओरडू नकोस कोणावर. त्या काकांवर तर अजिबात नाही. ते चांगले होते गं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन, औषध घेऊन, मास्तरांना बायकोच्या हवाली करून ताई कामावर पोचल्या. मध्ये फोन नव्हते तेवढ्या वेळात त्यांनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. कोण, कधी, काहीच सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, "एका माणसाने मला सांगितलं, की आपली घंटी ऐकून त्याला वाटलं, वेळ संपली. आणि त्याने बोलणं अर्धंच टाकून फोन ठेवला. जाताना बरं वाटलं म्हणाला. आपण त्याचीही घंटी वाजवली."

खालून इस्त्रीची वाफ फुस्स करत होती.

"पण ताई," खारूताई शेवटी म्हणाली, "एकाला वाटलं म्हणून सगळ्यांनाच वाटलं असेल असं थोडंच आहे?"

ताई तोंड उघडणार, तर त्यांच्या आधी प्रश्नबाईच बोलली. "अगदी बरोबर बोललीस."

"अगं, तू माझ्या बाजूची ना?" ताई चकित!

"मी फोन करणाऱ्यांच्या बाजूची आहे, ताई. काल तुम्हाला वाटत होतं घंटी चांगली. आज वाटतंय वाईट. काल एका घंटीवरून ठरवत होता, आज एका माणसावरून. त्या माणसाने आपले डोळे उघडले, त्याचे उपकार आहेतच. पण आता बाकीच्यांनाही विचारू या. काही दिवस घंटी बंद ठेवू आणि बघू काय बदलतं. जे बदलेल ते लिहू. आवडलं तरी लिहू आणि झोंबलं तरी लिहू."

"आणि आपण वाईट काम करतोय असं निघालं तर?" खारूताईने विचारलं.

"तर आपल्याला ते कळलेलं असेल," प्रश्नबाई म्हणाली. "आत्ता वाईट होत असेल, तर ते आपल्याला न कळता होतंय. मला तर त्याची जास्त भीती वाटते."

इतका वेळ पोस्टमनकाका घंटीकडे एकटक बघत बसले होते. ते उठले. त्यांनी घंटी उचलली, वाजू नये म्हणून तळव्यात घट्ट धरली आणि खणात ठेवून दिली.

"मी आयुष्यभर लोकांच्या दारापर्यंत पत्रं नेली," ते म्हणाले. "आत काय निघालं, हसले की रडले, कधी विचारलं नाही. ते माझं कामच नव्हतं. पण इथे आल्यावरही मी तसाच वागलो. आवाज पोचवला आणि सायकलवर बसलो! पोरी, तू सांगशील तसं करू."

ताईंनी त्यांच्या पुढ्यात चहा ठेवला. या वेळी साखरेचा.

मग काय काय बाहेर आलं म्हणून सांगू! कितीतरी लोकांनी परत फोन करायला आनंदाने परवानगी दिली. ताईंना वाटलं होतं लोक चिडतील. उलट लोक म्हणाले, "तुम्ही आठवण ठेवलीत!" घंटी ऐकून गडबडून गेलेले आणखीही निघाले. एका आजींना मात्र घंटी फार आवडायची. त्यांना वाटायचं, चला, कोणीतरी सुटलं. प्रश्नबाईने तेही लिहिलं, गाळलं नाही. पण ज्या गोष्टी कोणाच्या स्वप्नातही नव्हत्या, त्याही कळल्या. फोन उचलला जाईपर्यंत पलीकडून एक टिंगटिंग आनंदी संगीत वाजायचं. "मरावंसं वाटतंय आणि तुम्ही वाढदिवसाचं गाणं लावता?" असं एका मुलीने विचारलं. आणि ते ताईंनी स्वतः हौसेने निवडलं होतं हो! कोणी म्हणालं, पहिल्याच वाक्यात नाव-वय विचारता, तिथेच पाय मागे येतो. कोणी म्हणालं, तुम्ही लगेच धीर देता, जरा आधी ऐकून तरी घ्या.

संगीत गेलं. नाव-वय सगळ्यात शेवटी गेलं, तेही सांगावंसं वाटलं तरच. फोन आता लांबायला लागले. आणि एके दिवशी ताई कागद नाचवत प्रश्नबाईकडे धावल्या.

"हे काय झालं? बरं वाटलं म्हणणारे कमी झाले की! आपण सुधारतोय ना? मग आकडे पडले कसे?"

"पूर्वी लोक तुम्हाला बरं वाटावं म्हणून बरं वाटलं म्हणायचे," प्रश्नबाई हसून म्हणाली. "आता त्यांना तशी गरज वाटत नाही. जरा धीर धरा, ताई. आत्ता कुठे ते खरं बोलायला लागलेत."

ताई घरी येऊन हे मास्तरांना सांगत होत्या. संध्याकाळची वेळ, टेबलावर चहा आणि टोस्ट. भावजय मास्तरांच्या शेजारी बसली होती. औषधं नियमित चालू होती, मास्तर जिने चढून वर येत होते. कधी एका दमात, कधी मधल्या मजल्यावर थांबून. ताईंचं बोलणं सुसाट चाललं होतं, आणि टेबलाखाली पाय अधूनमधून दाबला जात होता.

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला.

त्यांनी नंबर पाहिला आणि ताईंकडे पाहिलं. ताईंनीही नंबर पाहिला. तो नंबर त्यांनी झोपेतही ओळखला असता! म्हणजे... म्हणजे मास्तरांनी तिथे फोन केला होता! आणि आज त्यांना परत फोन आला होता!

ताई काही म्हणजे काही बोलल्या नाहीत. आपला कप उचलला आणि बाल्कनीत निघून गेल्या. ताईंनी स्वतःहून ब्रेक लावला! नियम म्हणजे नियम. बाल्कनीचं दारही ओढून घेतलं, पण ते जुनं दार कधी नीट लागतच नसे, त्याला त्या काय करणार?

"हो, बोलतोय," आतून मास्तरांचा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग, "नाही. अजून तसं बरं नाही वाटत. काल म्हणालो खरा, पण... हो. हो, आहे वेळ. बोलू या की. तुम्हाला घाई नाही ना?"

आणि बाल्कनीत उभ्या असलेल्या ताई, ज्यांनी आयुष्यभर "बरं वाटलं" ऐकण्यासाठी कान टवकारले होते, त्या "बरं नाही वाटत" ऐकून आनंदाने रडल्या! हो, आनंदाने! कारण या वेळी त्यांचा भाऊ खोटं थँक्यू म्हणून निघून गेला नव्हता. तो तिथेच होता. बोलत होता. आणि पलीकडे कोणीतरी ऐकत होतं.

बोलणं खूप वेळ चाललं. ताईंचा चहा गार झाला, पण त्यांनी तो तसाच पिऊन टाकला.

वाचकहो, चांगल्या मनाने काम करणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण चांगलं मन असलं म्हणजे काम चांगलं झालंच, असं समजून चालायचं नाही. ज्याच्यासाठी काम करतो, त्याला विचारायला हवं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मोकळेपणाने, त्याची परवानगी घेऊन, आणि कान झाकून घ्यावेसे वाटले तरी उत्तर ऐकून घ्यायला हवं. मनाच्या संकटात धावून जाणाऱ्या प्रत्येक सेवेने स्वतःला असं तपासून घेतलं पाहिजे, आणि आपण नागरिकांनी तसा आग्रह धरला पाहिजे. आणि घरात? घरातही तेच! "कुठे काय" म्हणणाऱ्या आपल्या माणसाला दुसऱ्या दिवशी परत विचारा. आणि तो "बरं नाही" म्हणाला, तर घाबरू नका. त्याच्याजवळ बसा. आणि लागेल तेव्हा त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जा.

त्या घंटीचं काय झालं, हे राहिलंच! ती मास्तरांनी मागून घेतली. आता ती त्यांच्या गाडीत, समोरच्या काचेपाशी असते. शिकणाऱ्याने गाडी सरळ रेषेत, कुठेही न घासता उभी केली, तर मास्तर टिचकी मारतात. ताई अजून शिकतायत. रोज गाडी वाकडी लावतात आणि रोज आशेने घंटीकडे बघतात.

"तुला काय वाटतं, जमली?" मास्तर विचारतात.

"जमली की!"

"उतर, आणि मागच्या गाडीवाल्याला विचारून ये," मास्तर म्हणतात.